जटेची लांबी

केस कधीच कापले नाहीत तर ते कुठपर्यंत वाढतील? मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायचे, विज्ञान नव्हे. तरी हा प्रश्न मुली मलाच विचारायच्या, कारण त्या काळी माझी वेणी बऱ्यापैकी लांब होती. उत्तर तसे सोपे आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर, आपली अर्धी फूटपट्टी. पण केस जन्मभर वाढत राहत नाही. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग थांबतो, काही महिने तसाच राहतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस येतो. सहा वर्षे गुणिले १५ म्हणजे ९० सेंटीमीटर, तीन फूट. म्हणून बहुतेकींचे केस कमरेपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. गुडघ्यापर्यंत केस असलेली बाई गावात एखादीच असते आणि तिचे कौतुक होते ते याचसाठी.

आता ही दुसरी माहिती बघा. तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवावडुतुरै मठाचे प्रमुख स्वामी पंडारसन्निधी यांचे केस २६ फूट लांब असल्याचे वृत्त १९४९ साली आले होते आणि त्याची नोंद पुढे गिनीज बुकातही झाली. व्हिएतनाममधले त्रान वान हाय नावाचे गृहस्थ २०१० साली वारले, त्यांचे केस ६.८ मीटर, म्हणजे २२ फुटांच्या वर होते. तीन फुटांवर थांबणारा केस २६ फूट झाला कसा?

याचे उत्तर म्हणजे जट. त्या स्वामींचे काय किंवा व्हिएतनामच्या गृहस्थांचे काय, ते सुटे केस नव्हते. हल्ली शहरातली मुले हौसेने ‘ड्रेडलॉक्स’ करून घेतात, तीही जटच. आमच्या बाजूला जट म्हटले की अजून एखादी म्हातारी हात जोडते. या जटेच्या लांबीचे गणित मला फार उशिरा कळले, आणि ते कळल्यावर इतिहासातल्या बऱ्याच गोष्टींकडे नव्याने बघावेसे वाटले. तेच आज लिहिते आहे.

आधी गणित पाहू, इतिहास नंतर.

जट होताना केस आधी आखूड होतात. हे विचित्र वाटते, पण यात नवल काही नाही. मोकळे केस कमरेपर्यंत असतील तर घट्ट वेणी घातल्यावर ती कमरेच्या वर राहते, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. केस तेवढाच असतो, पण तो सरळ न जाता नागमोडी जातो. घाटातल्या रस्त्यासारखे आहे हे. कावळा उडत गेला तर अंतर चार मैल आणि एस.टी.ने गेलो तर दहा. दोरखंड वळणाऱ्यालाही हे माहीत असते. दहा हातांचे पेड घेतले तर दोर दहा हातांचा होत नाही, पिळात लांबी जाते. जटेत तर केस नुसते पिळले जात नाहीत, ते दुमडतात, स्वतःभोवती गुंडाळले जातात, एकमेकांच्या फटीत शिरतात. सरळ केसांची जट थोडी आखूड होते, कुरळ्यांची जास्त, आणि फार कुरळे केस असतील तर निम्म्यापर्यंतही. पहिले वर्ष-दीड वर्ष ती अशी आत आत ओढली जाते, घट्ट होते. मुळाशी केस वाढतच असतात, पण वाढ दिसत नाही, पिळाच्या पोटात जाते.

मग एक वेळ अशी येते की जट पुरेशी घट्ट होते, आणखी दबायला जागा राहत नाही. त्यानंतर मुळाशी वाढलेला केस लांबी म्हणून दिसू लागतो. आणि इथे खरी गंमत आहे. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळतात. शंभर धरले तर वर्षाला ३६,५०० होतात. विंचरताना ते फणीत येतात, आपण त्याचा गुंडा करून टाकतो. जटेत मात्र गळलेला केस खाली पडतच नाही. तो मुळातून सुटतो, पण शेजारच्या शंभर केसांनी त्याला धरून ठेवलेले असते. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, त्यांची तोंडे टोकाकडे असतात. त्यामुळे केस एका दिशेने सरकतो आणि उलटा सहज येत नाही. लोकर भिजवून, चोळून तिचा जाड नमदा होतो तो याच गुणामुळे. मेलेला केस जिवंत केसाला धरून राहतो, त्याच्या खालोखाल दुसरा, तिसरा. एका केसाचे आयुष्य सहा वर्षांचे, पण जटेचे आयुष्य ती बाळगणाऱ्या माणसाइतके. आता त्या स्वामींचा हिशेब करा. २६ फूट म्हणजे ७९२ सेंटीमीटर. भागिले १५ केले तर ५३ वर्षे होतात. म्हणजे पाव शतक नव्हे, निदान अर्धे शतक डोक्याला फणी लागलेली नाही. जुन्या जटेचा बहुतेक भाग मुळाशी जोडलेलाच नसतो, तो मागच्या वीस-तीस-चाळीस वर्षांत गळलेल्या केसांचा साठा असतो.

विज्ञान इतकेच. पण ज्याला हे माहीत नाही त्याच्या डोळ्यांनी पाहा. केस आपोआप गोळा झाले, आखूड झाले, जणू कुणी आतून आवळले. मग वर्षभर नुसतेच बसून राहिले. आणि मग वाढू लागले ते थांबेचनात, घरातल्या कुणाच्याही केसांपेक्षा लांब झाले. जटेला स्वतःची इच्छा आहे, असे वाटायला एवढे पुरे आहे. माणसाने या इच्छेला कुठे देव म्हटले, कुठे रोग, तर कुठे बंड.

आपल्याकडे जटेचा सर्वांत जुना आणि मोठा मान तपस्व्याचा. शंकराने गंगा जटेत धरली ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. पण मला वाल्मीकी रामायणातला एक प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जट कशी करतात ते सांगितले आहे. वनवासाला निघालेला राम शृंगवेरपुराला गंगेच्या काठी पोचतो. तिथे तो गुहाला वडाचा चीक आणायला सांगतो आणि त्या चिकाने आपल्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा करतो. राजपुत्राचे केस नित्य धुतलेले, विंचरलेले, त्यांची जट व्हायला वर्ष गेले असते. चिकाने ती एका बैठकीत झाली. तिकडे नंदिग्रामात भरतानेही जटा राखल्या. आणि चौदा वर्षांनी राम परत आल्यावर राज्याभिषेकाच्या आधी काय झाले? नंदिग्रामात निपुण न्हावी आले, भावांच्या जटा काढल्या गेल्या, स्नाने झाली. म्हणजे जट ही व्रताची खूण होती. व्रत आपण घेतले, आपल्या हाताने जट केली, व्रत संपले आणि जट उतरवली. त्यात भीती कुठेच नाही.

बौद्ध ग्रंथांतही अशीच एक कथा येते. उरुवेला इथे काश्यप नावाचे तीन भाऊ होते, अग्निपूजक जटिल तपस्वी. थोरल्याबरोबर ५००, मधल्याबरोबर ३०० आणि धाकट्याबरोबर २०० शिष्य. बुद्धाचा उपदेश पटल्यावर थोरल्या काश्यपाने आणि त्याच्या शिष्यांनी जटा कापून नदीत सोडल्या. खालच्या अंगाला राहणाऱ्या मधल्या भावाने त्या वाहत येताना पाहिल्या आणि भावावर काही संकट आले की काय म्हणून तो धावत आला. पाण्यावरून वाहत जाणाऱ्या जटा, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. इतक्या वर्षांची कमाई, पण विचार बदलला तसा माणसांनी ती स्वतः सोडून दिली. आपल्या संतांनीही जटा-भस्माचे अवडंबर करणाऱ्यांना चांगलेच फटकारले आहे. थोडक्यात, जट म्हणजेच धर्म असे आपल्या परंपरेने सरसकट कधी मानले नाही.

मग आमच्या बाजूला ही भीती आली कुठून?

माझी नोकरीची बहुतेक वर्षे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या भागात गेली. तिथून सौंदत्तीचा डोंगर फार दूर नाही. तिथल्या यल्लम्माला, रेणुकेला, मानणारी घरे गावोगाव. माघी पौर्णिमेच्या यात्रेला गाड्या भरून जायच्या. डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगतिणी, हातात चौंडकं, कपाळाला भंडारा, हे दृश्य नेहमीचे. आणि ‘जट आली’ हे शब्दही नेहमीचे. जट ‘झाली’ असे कुणी म्हणत नसे. जट ‘यायची’. पाहुणा यावा तशी, देवीकडून. जिला जट आली तिला देवीने मागितली असा अर्थ. तिला फणी लावायची नाही, जटेला भंडारा लावायचा, मंगळवारी-शुक्रवारी पूजा करायची. कापली तर देवीचा कोप होईल, घरातला कर्ता माणूस जाईल, डोळे जातील. लहान मुलगी असेल तर तिचे लग्न होत नसे. तिला देवीच्या नावाने मणी बांधायचे आणि सोडायचे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला अशी जट आली. १९७९ साल असावे. सातवीत होती, अक्षर मोत्यासारखे. मुदतीच्या तापाने ती महिना-दीड महिना अंथरुणाला खिळली होती. बरी होऊन शाळेत यायला लागली आणि नंतर एक दिवस डोक्याला फडके बांधून आली. मग यायचीच थांबली. हेडमास्तर आणि मी दोनदा तिच्या घरी गेलो. आजीने चहा केला, आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, तुमचं खरं हाय. पर आमी न्हाई दिली तिला. आईनंच घेतली.”

ते वाक्य मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिले आहे. कारण इतिहासाची शिक्षिका म्हणून मला कायदे पाठ होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० सालीच देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला होता. मुंबई इलाख्यात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा होता. म्हणजे मुलगी देवाला वाहणे हा गुन्हा होऊन कैक वर्षे झाली होती. पण कायदा पकडतो वाहणाऱ्याला. इथे कुणी वाहिलेच नव्हते! जट आली होती. आईबापांनी काही केले नाही, देवीने केले. जटेने कायद्याला अशी बगल दिली होती, आणि त्यात कुणी लबाडी करत होते असेही नाही. त्या आजीचा आपल्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता.

आणि जट नेमकी अशाच वेळी का ‘येते’ याचेही उत्तर आहे. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस नेहमीपेक्षा खूप जास्त गळतात. हे आता डॉक्टर सहज सांगतात. आजारी मुलीला किंवा ओल्या बाळंतिणीला घरात कुणी फारसे विंचरत नाही. गळालेले केस तिथेच राहतात, घामाने, उशीवरच्या घासण्याने गुंता होतो. बघता बघता तो घट्ट होतो, आखूड होतो, आणि एका सकाळी आजीच्या हाताला लागतो. घरच्यांना वाटते, रातोरात आली. घरावर आधीच संकट आलेले असते, जीव वाचलेला असतो, देवीला काही बोललेले असते. त्यातच डोक्यावर ही खूण. जोगतीण येते, भंडारा लावते. हळदीने आणि न धुतल्याने गुंता पक्का होतो. पहिल्या पंधरवड्यात तेल आणि जाड दातांची फणी घेऊन बसले तर जी सुटली असती, ती आता सुटत नाही. आणि सुटत नाही हाच मग पुरावा होतो.

ती मुलगी मला दहा-बारा वर्षांनी आठवड्याच्या बाजारात दिसली, डोक्यावर जग होता. तिने मला ओळखले, हसली, वाकून नमस्कार केला. अधिक लिहीत नाही.

हे बदलायला माणसे पुढे आली, हेही सांगितले पाहिजे. महात्मा फुले समता प्रतिष्ठानने १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवली आणि हा प्रश्न चव्हाट्यावर आला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी तो मराठी वाचकाच्या घरात आणला. २००९ चा ‘जोगवा’ चित्रपट अनेकांनी पाहिला असेल, त्याच्या नायिकेची सगळी फरफट सुरू होते ती जटेपासूनच. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध नवे कायदे केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाली, पण कार्यकर्त्यांचे जट निर्मूलनाचे काम त्यानंतरही चालूच राहिले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेंहून अधिक बायकांना जटेतून मोकळे केले आहे. वर्तमानपत्रात आकडा छापून येतो, पण एकेका बाईमागे किती फेऱ्या, किती बोलणी, सासूची किती समजूत, ते छापून येत नाही.

अशी एक जट कापताना मी पाहिली आहे. बाई चाळिशीच्या, जट अठरा वर्षांची. कापायच्या आधी त्या थरथरत होत्या. कार्यकर्तीने घाई केली नाही, अर्धा तास नुसता हात धरून बसली. मुळाशी दोन बोटे मोकळे केस असतात, तिथून कात्री चालवली. खाली टाळूवर जखमा होत्या, उवा होत्या. जट वर्तमानपत्रावर ठेवली तेव्हा मी पिशवीतून टेप काढून ती मोजली. शिक्षकी खोड, दुसरे काय! पाच फूट दोन इंच भरली. अठरा वर्षे गुणिले १५ म्हणजे २७० सेंटीमीटर, जवळजवळ नऊ फूट व्हायला हवी होती. बाकीची लांबी पिळात गेली, काही झिजून तुटली. हे गणित मी त्या बाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हंजे ही माझीच केसं व्हती व्हय?” मग मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली. अठरा वर्षांत मान इतकी हलकी झाली नव्हती.

कुणाला वाटेल, हे सगळे आपल्या अडाणीपणाचे. म्हणून थोडे बाहेरचेही पाहू. पोलंड हा युरोपातला देश. तिथे जटेला कोल्टून म्हणत आणि वैद्यकाच्या पुस्तकात तिचे नावच ‘प्लायका पोलोनिका’, म्हणजे पोलिश जट, असे पडले. शतकानुशतके तिथल्या लोकांची समजूत अशी की शरीरातला रोग जटेच्या वाटेने बाहेर येतो. ती कापली तर रोग उलटतो, माणूस आंधळा किंवा वेडा होतो. म्हणून रोग बाहेर यावा यासाठी जट मुद्दाम राखतही. बघा, देवी नाही, भंडारा नाही, पण भीती तीच. कापली तर डोळे जातील! १९ व्या शतकाच्या मध्यावर क्राकूवचे प्राध्यापक डॉ. जोझेफ डिट्ल यांनी याचा कसून अभ्यास केला आणि हा रोग नसून न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे असे ठामपणे मांडले. पुढे १८६६ ते १८७४ या काळात ते त्या शहराचे नगराध्यक्षही होते. हळूहळू ती समजूत मावळली. दीड मीटरची एक जुनी जट क्राकूवच्या वैद्यकीय संग्रहालयात ठेवली आहे.

आपल्या शेजारी श्रीलंकेत तर चित्र आणखी जवळचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांनी कतरगामच्या तीर्थक्षेत्रातल्या जटाधारी स्त्रियांवर लिहिले, ‘मेडुसाज हेअर’ हे त्यांचे पुस्तक १९८१ साली आले. या बायकाही जट हे देवाचे देणे मानत. पण त्यांच्या आयुष्यात आधी मोठे दुःख होऊन गेलेले असे आणि जटेमुळे त्यांना समाजात एक स्थान मिळे, लोक त्यांचे ऐकत. हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या काही जोगतिणी आठवल्या. ज्या बाईला घरात कुणी विचारत नव्हते तिच्या पाया पडायला जट आल्यावर लोक येऊ लागले. जट सोडायला ती का तयार नसते, याचे हेही एक कारण आहे. निव्वळ विज्ञान सांगून भागत नाही. जट गेल्यावर त्या बाईला पोटाला काय आणि मानाला काय, याचेही उत्तर द्यावे लागते.

आणि जट कापणे म्हणजे नेहमी सुटकाच, असेही नाही. जमैकात १९३० च्या दशकात रस्ताफारी पंथ उदयाला आला. गुलामगिरीतून आलेल्या गरीब काळ्या माणसांचा तो पंथ. बायबलातल्या नाझीरी व्रतात केसाला वस्तरा लावायचा नसतो, त्याचा आधार त्यांनी घेतला. १८४५ पासून तिथे भारतातून गिरमिटिये मजूर नेले जात होते, त्यांच्यातल्या साधूंचा प्रभाव या जटांवर पडला असावा, असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्या अगदी कुरळ्या केसांची जट सुरुवातीला फार आखूड होते, तरी ती वर्षानुवर्षे धीराने वाढवली जाई. गोऱ्यांच्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून आम्ही केस सरळ करणार नाही, हा त्यातला अर्थ. १९६३ साली कोरल गार्डन्स इथल्या हिंसाचारानंतर पोलिसांनी रस्ताफारींना सरसकट पकडले, मारहाण केली आणि अनेकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी २०१७ साली संसदेत माफी मागितली. तिथे कात्री जुलमाची होती. जट तीच, तिचे गणितही तेच, गळलेला केस तिथेही जटेतच राहतो. अर्थ मात्र पार उलटा.

मग फरक कशात आहे? माझ्या मते जट राखण्यात नाही आणि कापण्यातही नाही. रामाने जट केली आणि उतरवली. काश्यपांनी राखली आणि नदीत सोडली. रस्ताफारीने राखली आणि दुसऱ्याने कापली तेव्हा तो अन्याय ठरला. आमच्या वर्गातल्या मुलीला मात्र कुणी विचारलेच नाही. तिच्या डोक्यावरच्या गुंत्याचा अर्थ तिच्या आजीने लावला, जोगतिणीने लावला, गावाने लावला. तिला तेव्हा बारावे-तेरावे वर्ष. जट कुणाची आणि ती सोडवायचा हक्क कुणाचा, एवढाच खरा प्रश्न आहे. आज शहरातली एखादी मुलगी पार्लरमध्ये पैसे मोजून जटा करून घेते आणि कंटाळली की कापून टाकते. तिच्या आजीला ते आवडत नसेल, पण मला तिचे कौतुक वाटते. केस तिचे आहेत आणि कात्रीही तिच्या हातात आहे.

खेड्यात राहणाऱ्या वाचकांना एक सांगणे आहे. घरात कुणी तापातून उठले असेल, कुणी बाळंतीण असेल, तर तिच्या डोक्याला रोज तेल लावा आणि हलक्या हाताने टोकांकडून मुळाकडे विंचरत जा. गुंता दिसला तर त्याच दिवशी सोडवायला बसा, तास गेला तरी चालेल. फणीत केस खूप आले तर घाबरू नका, काही महिन्यांनी ते परत येतात. जे केस फणीत येतात ते जटेत जात नाहीत.